फोनची झोप आणि खात्याची जाग

खात्यातून रक्कम वजा झाल्याची सूचना अ‍ॅपवर दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली, अशी तक्रार घेऊन येणारा ग्राहक साहजिकच बँकेच्या संगणकाकडे बोट दाखवतो. मात्र पुष्कळदा सूचना वेळेवर निघालेली असते आणि अडते ती ग्राहकाच्याच खिशात. तिला अडवणारी असते फोनची कार्यप्रणाली. तीही खोडसाळपणे नव्हे, तर विजेच्या काटकसरीपायी.

२००३ साली आलेल्या नोकिया ११०० ची बॅटरी जेमतेम ८५० मिलिअँपिअर-तासांची होती, तरी एकदा चार्ज केलेला तो फोन कित्येक दिवस चाले. आज ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सर्रास मिळते आणि तरीही रात्री चार्जर शोधावा लागतो. मोठा, झगझगीत पडदा हे त्याचे उघड कारण. दुसरे कारण दिसत नाही. पडदा विझला तरी आतील अ‍ॅप्स कामाला लागू शकतात. 'माझे काम संपेपर्यंत झोपू नकोस' असे अ‍ॅपने प्रणालीला बजावण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. तिला 'वेक लॉक' म्हणतात. हे कुलूप लावून विसरलेले एखादे अ‍ॅप रात्रभरात बॅटरी रिकामी करू शकते. शिवाय थोडीशी माहिती पाठवल्यावरही फोनचा रेडिओ काही सेकंद पूर्ण जोमात जागा राहतो. म्हणून दहा कामे दहा वेळा करण्यापेक्षा ती एकत्र उरकणे स्वस्त पडते.

बँकेच्या व्यवहाराशी परिचित वाचकाला हे तत्त्व नवे नाही. एनईएफटीचे व्यवहार अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत निकाली निघतात, आरटीजीएसचे एकेक करून तत्काळ. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये आलेली 'डोझ' ही व्यवस्था पहिल्या प्रकारची. पडदा बंद, चार्जर काढलेला आणि फोन काही काळ जागचा हललेला नाही, अशी स्थिती आली की प्रणाली अ‍ॅप्सचे इंटरनेट तोडते, वेक लॉककडे दुर्लक्ष करते आणि साचलेली कामे मधूनमधून थोडा वेळ उघडणाऱ्या खिडकीत उरकू देते. जसजशी रात्र चढते तसतशा या खिडक्याही विरळ होतात. तातडीची खूण करून पाठवलेल्या सूचनेला मात्र मधूनच वाट मिळते. तिला आरटीजीएस म्हणायला हरकत नाही.

खरी मेख पुढे आहे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून प्रणाली अ‍ॅप्सची वर्गवारी करते: नेहमी वापरातले, अधूनमधून लागणारे, क्वचित उघडले जाणारे. क्वचित वापराच्या अ‍ॅपला पडद्याआड काम करण्याची मुभा सर्वांत कमी. आता महिन्यातून एकदा शिल्लक पाहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाचे बँकेचे अ‍ॅप कोणत्या वर्गात पडेल, हे सांगायला नको. काही महिने ते उघडलेच नाही, तर २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून प्रणाली त्याला दीर्घनिद्रेत पाठवू शकते. मग तातडीची सूचनाही पोहोचत नाही. ज्याला जागल्याची सर्वाधिक गरज, त्याचाच जागल्या झोपतो. अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' केले तरी ते पुन्हा उघडेपर्यंत सूचना येत नाही. बॅटरी वाचवण्याच्या भाबड्या समजुतीने दिवसातून चार वेळा अशी अ‍ॅप्स बंद करणारे लोक कमी नाहीत.

हा विलंब केवळ गैरसोयीचा नसतो. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वासंबंधी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही, चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित भार, असे त्यात ठरवून दिले होते. या हिशेबात एकेक दिवस मोलाचा.

उपाय सोपा आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स' या सदरात बँकेचे अ‍ॅप निवडावे, 'बॅटरी'मध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' हा पर्याय घ्यावा आणि त्याच अ‍ॅपच्या पानावरील, वापरात नसल्यास अ‍ॅप थांबवण्याचे बटण बंद करावे. शब्दांत कंपनीगणिक फरक आढळेल. ही सवलत बँकेच्या अ‍ॅपपुरतीच ठेवावी. सर्वच अ‍ॅप्सना दिली तर संध्याकाळपर्यंत फोनच बंद पडायचा. आयफोनमधील 'लो पॉवर मोड' अ‍ॅपचे पडद्याआडचे काम थांबवतो, मात्र सूचना येऊ देतो.

एसएमएसचा मार्ग निराळा आहे. तो इंटरनेटवरून नव्हे, मोबाइल मनोऱ्याकडून थेट येतो आणि मनोऱ्याची हाक ऐकण्यासाठी फोनचा रेडिओ गाढ झोपेतही ठरावीक अंतराने कान उघडतो. डोझचा त्याला अडथळा नाही. म्हणून अ‍ॅप आहे या भरवशावर एसएमएस सूचना बंद करू नये, आणि क्रमांक बदलला असेल तर त्याची नोंद शाखेत त्वरित करून घ्यावी.