तयार कोड घ्या, पण जावा शिकून
जावा भाषेत वेबवर चालणारे व्यापारी सॉफ्टवेअर उभारताना लॉगिन, डेटाबेस, नोंदींचे तक्ते हे काम दर वेळी तेच असते. फ्रान्सच्या ज्युलियन द्युबुआ यांनी २०१३ साली सुरू केलेले ‘जेहिप्स्टर’ हे मोफत साधन तो भार हलका करते. ग्राहक, माल, बिल यांची नावे व परस्परसंबंध एका फाइलीत लिहून दिले की ‘स्प्रिंग बूट’वर चालणारा कोड तयार मिळतो.

मात्र बिनव्याजी उधारीची मुदत किती, नफ्यात भागीदाराचा वाटा किती, हे नियम प्रोग्रॅमरलाच लिहावे लागतात. म्हणून होतकरू तरुणांना आमचे सांगणे आहे : साधन जरूर वापरा, पण आधी जावा आणि डेटाबेस पक्के शिका. ज्याला तयार कोड वाचता येत नाही, तो व्यापाऱ्याचा चुकलेला हिशेब दुरुस्त कसा करणार?