भरतीचें दार व पुराचें दार

पाणी अडविण्याच्या साधनांचा विचार निघाला म्हणजे धरणें व बंधारे यांवरच अभ्यासकांची दृष्टि खिळते; त्यांतील दारांकडे सहसा कोणी वळत नाहीं. खांचेंत फळ्यांवर फळ्या बसवून केलेलें दार सर्वांत साधें, व वर उचलावयाचें दार त्याहून सोयीचें. परंतु दोहोंसहि मनुष्याचा हात लागतो. ज्यांस तो लागत नाहीं अशा दारांचाच आम्हीं येथें विचार करणार आहों.

गोमंतकांत मांडवी व जुवारी यांच्या कांठच्या खाजण जमिनी बऱ्याच ठिकाणीं भरतीच्या पातळीहून खालीं आहेत. खाऱ्या पाण्यापासून त्यांचें रक्षण बांध करितात, आणि बांधांत लांकडी झडपांची मानस अथवा मानशी असते. भरती चढूं लागली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानें झडप चौकटीवर घट्ट बसते. ओहोटी लागतांच आंतील पाणी वरचढ होऊन तीच झडप उघडतें, व शेतांत सांठलेलें पावसाचें पाणी नदींत उतरतें.

पुण्यानजीक खडकवासल्यास हेंच कार्य निराळ्या रीतीनें साधलें. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं योजिलेलीं स्वयंचलित दारें तेथील सांडव्यावर १९०३ सालीं बसलीं. पाणी नेमलेल्या खुणेवर चढलें कीं तीं उघडत, उतरलें कीं मिटत. त्यामुळें तलावाची पातळी सुमारें ८ फूट वाढली, व सांठा सुमारें चतुर्थांशानें. अर्थात् सांडव्याच्या दाराची शक्ति सांडव्यापुरतीच. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगाचें पानशेत धरण फुटलें, तेव्हां खडकवासल्याची भिंतच खचली.

मानशीवरील संकट मात्र पुराचें नव्हे. ओहोटीच्या वेळीं तिच्या तोंडाशीं जाळें लावून मासळी धरितात, व तो हक्क लिलावानें दिला जातो. भरतीचें पाणी जितकें अधिक आंत घ्यावें तितकी मासळी अधिक. म्हणून झडपा उघड्या ठेविल्या जातात, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. कोरगुटासारखें खार सोसणारें भात झालें तरी तें किती सोसणार? पूर्वी बांधांची निगा कोमुनिदादी व शेतकऱ्यांचे भौस ठेवीत; १९६४ च्या कूळकायद्यानंतर ती कूळसंघांकडे आली. लिलावाचें उत्पन्न एकाचें व बुडणारें पीक दुसऱ्याचें, असें झालें म्हणजे उत्तम झडपहि निरुपयोगी ठरते, असें आमचें मत आहे. सबब मानशीचें वर्णन करणारानें झडपेच्या मापांबरोबर लिलावाच्या अटीहि उतरून घ्याव्या.