ग्राहक बदलत नाही, म्हणजे तो खूश आहे का?

दिवाळीत औंधला घरी होतो. सिनॉप्सिसवर सरांसोबत ऑनलाइन बैठक ठरली होती आणि नेमकं त्याच सकाळी इंटरनेट गेलं. तीन दिवस बंद. चौथ्या दिवशी म्हटलं, कंपनीच बदलू. आबा म्हणाले, "वर्षाचं पैसं भरल्यात. र्‍हाऊ दे की आता!" आणि आम्ही राहू दिलं. कंपनीच्या हिशेबात आम्ही 'टिकलेले ग्राहक'. घरात समाधानी मात्र कोणीच नाही.

संशोधनाची तयारी करताना हा फरक पक्का लक्षात ठेवा. आपण मोजतो ते वर्तन. त्यामागचं कारण बऱ्याचदा आपण नुसतं गृहीत धरतो.

अर्थशास्त्रात या अडकण्याला 'स्विचिंग कॉस्ट' म्हणतात, म्हणजे बदलण्याचा खर्च. पॉल क्लेम्परर यांनी १९८७ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले. पहिला व्यवहाराचा: राउटर परत देणं, डिपॉझिट मिळवणं, नवीन वायर ओढायला माणूस येईल म्हणून दिवसभर घरी थांबणं. दुसरा शिकण्याचा: नवीन ॲप, नवीन पासवर्ड, तक्रार कुणाकडे करायची ते पुन्हा शोधणं. तिसरा कंपनीने करारातून घातलेला: वर्षाचा प्लॅन मध्येच सोडला तर उरलेले पैसे गेले. आबांचं वाक्य या तिसऱ्या खान्यातलं.

मग हे तपासायचं कसं? "खूश आहात का?" असं विचारलं तर लोक "चाललंय" म्हणतात. त्यापेक्षा नियम बदलून हा खर्च अचानक कमी झाला, तेव्हा काय घडलं ते बघायचं. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. अमेरिकेत १९९३ मध्ये टोल-फ्री नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ब्रायन वियार्ड यांच्या अभ्यासात त्यानंतर दर उतरलेले दिसले. म्हणजे जे बदलले नाहीत, त्यांचाही फायदा झाला. ब्रॉडबँडसाठी ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून अशी सोय आहे: ग्राहकाने फक्त नवीन कंपनीला सांगायचं, जुनं कनेक्शन बंद करायचं काम तीच बघते.

इथे एक धोका आहे. आपल्याकडे मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी २० जानेवारी २०११ ला देशभर लागू झाली. पण खासगी कंपन्यांची थ्रीजी सेवाही त्याच सुमारास सुरू होत होती. मग ग्राहक हलले ते पोर्टेबिलिटीमुळे की थ्रीजीमुळे? नुसती 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना याचं उत्तर देत नाही. ज्यांना नवा नियम लागू झाला नाही, असा तुलनेचा गट लागतो.

आणि गावात काम करणार असाल तर त्याआधीचा प्रश्न विचारा: इथे दुसरी कंपनी आहे तरी का? पर्यायच नसेल, तर तो बदलण्याचा खर्च नव्हे. ती वेगळी समस्या आहे, तिची मांडणीही वेगळी करावी लागेल.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'ग्राहक टिकून आहेत, म्हणून समाधानी आहेत' अशा धाटणीचं वाक्य असेल, तर ते आजच खोडा. त्या जागी प्रश्न लिहा: त्यांना सोडायचं असतं, तर काय काय सोसावं लागलं असतं?