व्याज हवे की बक्षीस?

दहा हजार रुपये पोस्टाच्या बचत खात्यात वर्षभर ठेवले की चार टक्के दराने चारशे रुपये व्याज जमा होते. काही बँकांत तर तेवढेही नाही. स्टेट बँकेने २०२५ मध्ये बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला, म्हणजे तिथे अडीचशेच. चारशे रुपयांत बीडच्या बाजारात काय काय येते आणि काय येत नाही, हा हिशेब घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला तोंडपाठ असतो. त्या रकमेने कोणाचे कर्ज फिटत नाही, बोअर पडत नाही की मुलीचे लग्न होत नाही. मग माणसाच्या मनात एक विचार येतो. हे किरकोळ व्याज सोडून द्यावे, मुद्दल तेवढे शाबूत राहावे आणि त्या व्याजाच्या बदल्यात एखादे लाखाचे, कोटीचे बक्षीस लागण्याची संधी मिळावी. असे काही असते का?

असते. जगात अनेक देशांत आहे आणि एके काळी आपल्याकडेही होते. त्याला बक्षीस रोखे म्हणतात. लॉटरी आणि हे रोखे यांत एक मूलभूत फरक आहे. लॉटरीचे तिकीट लागले नाही तर त्याचा कागद होतो. रोख्याचा नंबर लागला नाही तरी पैसे परत मिळतात. पणाला लागते ते फक्त व्याज. सगळ्यांचे व्याज एका डबीत गोळा करायचे आणि चिठ्ठ्या टाकून ते थोड्यांना वाटून टाकायचे, एवढीच ही युक्ती.

मॅकमिलनसाहेबांची कल्पना

या युक्तीला सर्वांत मोठे यश मिळाले ते ब्रिटनमध्ये. १९५६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी 'प्रीमियम बाँड' जाहीर केले. युद्धानंतरची महागाई होती आणि लोकांनी खर्च आवरून बचत करावी अशी सरकारची इच्छा होती. चर्चच्या मंडळींनी आणि विरोधी पक्षाने 'सरकार जुगार चालवणार का?' म्हणून टीका केली. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये विक्री सुरू झाली आणि लोकांच्या रांगा लागल्या. जून १९५७ मध्ये पहिली सोडत निघाली. नंबर काढण्यासाठी 'अर्नी' नावाचे यंत्र बनवले होते आणि ते बनवणाऱ्यांत महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याचे यंत्र उभारणारे अभियंते होते. पहिल्या सोडतीतले सर्वांत मोठे बक्षीस एक हजार पौंडांचे होते. आज ते दहा लाख पौंडांचे आहे, दरमहा दोघांना मिळते आणि त्यावर एक पैचाही कर नाही.

आपले सरकारही मागे राहिले नाही. महाराष्ट्र राज्य जन्माला आले त्याच १९६० साली केंद्र सरकारने पाच वर्षांचे बिनव्याजी बक्षीस रोखे विक्रीला काढले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. रोखे पाच रुपयांचे आणि शंभर रुपयांचे होते. पाच रुपये म्हणजे तेव्हा काही थोडी रक्कम नव्हे, पण सामान्य माणसाच्या आवाक्यातली. पुढे १९६३ साली 'प्रीमियम प्राईझ बाँड' आले. त्यांत बक्षिसाच्या संधीबरोबर मुदतीअखेर मुद्दलावर थोडी वाढीव रक्कमही देण्याची सोय होती. पुढे या योजना बंद पडल्या. १९६९ पासून महाराष्ट्रात राज्य लॉटरी आली आणि नशीब अजमावण्याची हौस तिकडे वळली. शेजारच्या पाकिस्तानात मात्र १९६० मध्ये सुरू झालेले बक्षीस रोखे पुढेही दशकानुदशके चालू राहिले.

हिशेब मांडून पाहू

समजा, अशी योजना पुन्हा आली. एक लाख माणसांनी प्रत्येकी दहा हजार रुपये ठेवले. झाले शंभर कोटी. चार टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज चार कोटी. साध्या खात्यात हे चार कोटी लाख जणांत सारखे वाटले जातात, प्रत्येकाला चारशे. बक्षीस योजनेत त्यांची वाटणी अशी करू: एक बक्षीस एक कोटीचे, दहा बक्षिसे दहा लाखांची, शंभर बक्षिसे लाखाची आणि हजार बक्षिसे दहा हजारांची. चार कोटी संपले. बक्षिसे झाली एक हजार एकशे अकरा. उरलेल्या अठ्ठ्याण्णव हजार आठशे एकोणनव्वद जणांच्या हाती त्या वर्षी काही नाही.

म्हणजे दर नव्वद माणसांत एकाला काहीतरी लागते, आणि तेही बहुधा दहा हजारांचेच. दहा वर्षे नेटाने पैसे ठेवले तरी शंभरातल्या एकोणनव्वद जणांना एकदाही काही लागलेले नसते. त्याच दहा वर्षांत साध्या चार टक्क्यांनी, व्याजावर व्याज धरून, दहा हजारांचे चौदा हजार आठशे झाले असते. बक्षिसाची वाट पाहणाऱ्याच्या हातात दहा हजारच राहतात. शिवाय महागाई असतेच. ती वर्षाला पाच टक्के धरली तर दहा वर्षांनी त्या दहा हजारांची खरेदीची ताकद आजच्या सहा हजारांच्या आसपास उरते. मुद्दल बुडत नाही हे खरे, पण ते झिजते.

योजना चालवणारे नेहमी सरासरी सांगतात: 'आमचा परतावा चार टक्के.' सरासरी खोटी नसते, पण ती फसवी असू शकते. ज्याला कोटी मिळाले तो एकटाच ती सरासरी वर ओढून धरतो. गावातल्या सर्वांत मोठ्या बागायतदाराची आणि नव्याण्णव कोरडवाहू शेतकऱ्यांची सरासरी काढली तर गाव सधन दिसते, तसे हे आहे.

कर कोणाला लागतो?

बक्षीस रोख्यांच्या बाजूने सर्वांत जोरदार मांडला जाणारा मुद्दा कराचा आहे. बचत खात्याच्या व्याजावर कर लागतो, बक्षीस करमुक्त. ब्रिटनमध्ये ही गोष्ट खरी आहे, पण ती कोणासाठी? २०१६ पासून तिथल्या सामान्य करदात्याला वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त मिळते. वरच्या पायरीवरच्याला पाचशे पौंडांपर्यंत आणि सर्वांत श्रीमंताला काहीच नाही. म्हणजे करमुक्त बक्षिसाचा खरा फायदा त्या श्रीमंतालाच. ज्याला मुळात करच भरावा लागत नाही, त्याला करमाफीचे काय कौतुक?

आपल्याकडचे गणित तर उलटेच आहे. लॉटरीसारख्या बक्षिसावर सरकार सरसकट तीस टक्के कर घेते. चार टक्के उपकर धरला की तो सव्वाएकतीस टक्क्यांच्या जवळ जातो आणि रक्कम फार मोठी असेल तर अधिभार वेगळा. बाकी उत्पन्न कितीही कमी असो, त्याची सवलत इथे मिळत नाही. दहा हजारांवरच्या बक्षिसातून हा कर आधीच कापून घेतला जातो. उलट बचत खात्याच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत दहा हजारांपर्यंत सूट आहे, ज्येष्ठ नागरिकांना ठेवींसह पन्नास हजारांपर्यंत. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. बक्षिसाच्या उत्पन्नाला मात्र ही सवलत लागू नाही.

आता आपल्या उदाहरणाकडे परत जाऊ. सरकारने खास सूट दिली नाही, तर चार कोटींच्या बक्षिसांतून सुमारे सव्वा कोटी करात जातील. लाख जणांना मिळून पावणेतीन कोटी उरतील, म्हणजे चार टक्क्यांचे झाले पावणेतीन टक्के. आणि बीड, गेवराई, केज, धारूरच्या बहुसंख्य कुटुंबांना ज्या चारशे रुपयांवर एक रुपयाही कर लागला नसता, तेच चारशे बक्षिसाच्या रूपाने मिळवायला गेले की करपात्र होतात. 'करमुक्त बक्षीस' हे शब्द कानावर आले की पहिला प्रश्न असा विचारावा: मी आज व्याजावर किती कर भरतो? उत्तर 'शून्य' असेल तर तो मुद्दा आपल्यासाठी नाही.

तरीही मोह का पडतो?

एवढे सगळे सांगूनही, बक्षिसाकडे वळणाऱ्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात हंगाम सरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उचल घ्यावी लागते. अशा कुटुंबाला चारशे रुपये व्याजाने काय फरक पडणार? पण एकरकमी लाख रुपये हाती आले तर एका हंगामाची उचल टळते, बैलजोडी येते, पोर शाळेत टिकते. थेंबे थेंबे तळे साचते खरे, पण ज्याच्या तळ्याला तळातच भोक आहे, त्याला एकदम पाऊस हवा असतो. बक्षिसाची ओढ ही नुसती हाव नाही. एकरकमी पैसा दुसऱ्या कोणत्याही रस्त्याने येत नाही, या अनुभवातून ती आलेली आहे.

आपल्या भिशीचे गुपितही हेच आहे. वीस बायका दरमहा पाचशे रुपये काढतात, चिठ्ठी निघते आणि जिची निघेल तिला दहा हजार एकरकमी मिळतात. इथे कोणी हरत नाही. लवकर नंबर लागलेलीला बिनव्याजी कर्ज मिळते आणि उशिरा लागलेली बचत करते. चिठ्ठीची उत्सुकता असते म्हणून हप्ता चुकत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पतसंस्थांनी २००९ साली बचतीला सोडतीची जोड देऊन पाहिली, तीही याच आशेवर. एरवी खात्यात काही न टाकणारा माणूस निदान सोडतीसाठी टाकेल. जो माणूस आज पन्नास रुपये लॉटरीत जाळतो, त्याने ते बक्षीस रोख्यात ठेवले तर त्याचे भलेच आहे. जो आज आवर्ती ठेवीचा हप्ता भरतो, त्याने तो मोडून रोखे घेतले तर त्याचे नुकसान आहे. योजना एकच, पण माणूस कुठून येतो यावर तिचा गुण ठरतो.

आणि नशीब कधी दारात येतही असते. नोटाबंदीनंतर केंद्राने डिजिटल व्यवहारांसाठी सोडती काढल्या. एप्रिल २०१७ मध्ये त्यातले एक कोटीचे पहिले बक्षीस आपल्या शेजारच्या लातूरच्या एका तरुणीला लागले, मोबाईलचा १,५९० रुपयांचा हप्ता कार्डाने भरल्याबद्दल. ही बातमी मराठवाड्यात घरोघर चर्चिली गेली. ज्यांना काही लागले नाही त्यांची बातमी कधीच होत नसते.

खरा प्रश्न मुद्दलाचा

व्याज की बक्षीस, हा वाद ज्या गृहीतावर उभा आहे ते म्हणजे मुद्दलाची शाश्वती. ब्रिटनच्या रोख्यामागे तिथले सरकार उभे आहे. आज आपल्याकडे केंद्र सरकारचे असे रोखे विक्रीला नाहीत. त्यामुळे कोणी 'पैसे ठेवा, सोडतीत मोटारसायकल जिंका' म्हणत दारात आला तर तो सरकारचा माणूस नव्हे. हप्ते भरून घ्यायचे आणि नंबर लागलेल्याचे पुढचे हप्ते माफ करायचे, अशा बक्षीस योजनांवर तर १९७८ च्या कायद्याने देशभर बंदी आहे.

बीडला हा धडा नव्याने सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या अखेरीपासून 'ज्ञानराधा मल्टिस्टेट'च्या शाखांसमोर ठेवीदारांनी घातलेले खेटे जिल्ह्याने पाहिले आहेत. पुढे गुन्हे दाखल झाले, सक्तवसुली संचालनालयाचा तपास सुरू झाला. निवृत्तीचे पैसे, जमीन विकून आलेले पैसे, लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकले. तिथे सोडत नव्हती, जादा व्याज होते. पण मोह तोच, चार टक्क्यांपलीकडच्या कशाचा तरी.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाखाची होती. सहकारी बँकाही या विम्यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था येत नाहीत. पाटीवर मोठ्या अक्षरांत काही लिहिलेले असो, पासबुक बँकेसारखे दिसो, हा फरक राहतोच. पोस्टातल्या पैशामागे तर थेट केंद्र सरकार आहे.

मग करावे काय? अडीनडीला लागणारे पैसे बचत खात्यात ठेवावेत. त्यावर कमी व्याज मिळते, पण हवे तेव्हा हाती येण्याची ती किंमत आहे. वर्षभर न लागणारे पैसे मात्र तिथे झोपवून ठेवू नयेत. २०२५ मध्ये पोस्टाच्या राष्ट्रीय बचत पत्राचा दर ७.७ टक्के होता. त्या दराने दहा हजारांचे पाच वर्षांत चौदा हजार चारशे नव्वद होतात. म्हणजे साध्या खात्याला जे करायला दहा वर्षे लागतात, ते जवळजवळ निम्म्या वेळात. त्यासाठी चिठ्ठी निघावी लागत नाही. नशीब अजमावण्याची हौस असेलच तर ओळखीच्या बायकांची भिशी लावावी. तिथे आज ना उद्या प्रत्येकीची चिठ्ठी निघतेच.

आणि उद्या सरकारने पुन्हा बक्षीस रोखे आणलेच, तर ते घेण्यात गैर काही नाही. फक्त ते घेताना आपण काय विकत घेतो आहोत, हे ओळखून असावे. दहा हजारांवरचे वर्षाचे चारशे रुपये देऊन आपण वर्षभराची आशा घेतो. ज्याच्या घरात चारशे रुपयांची ओढाताण नाही, त्याला ही आशा स्वस्त आहे. ज्याच्या घरात आहे, त्याने आधी चारशे रुपये घ्यावेत.