दगडी घराला दोन खोल्या

घर बांधून पाहावे आणि लग्न करून पाहावे, असे आपल्याकडे म्हणतात. जुने घर वाढवून पाहावे, असे मात्र कुणी म्हणून ठेवलेले नाही. आणि खरे सांगायचे तर त्या दोहोंपेक्षा हे काम अधिक जिकिरीचे. नव्या घराला निदान स्वतःची मते नसतात. जुन्या घराला असतात, त्यात राहणाऱ्यांना असतात, आणि कागदावर ज्यांचे नाव आहे पण जे तिथे राहत नाहीत, त्यांना तर फारच असतात.

आमचे घर बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला. पैनगंगेच्या काठचे हे गाव कवी ना. घ. देशपांडे यांचे म्हणून वाचकांना ठाऊक असेल. घर माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचे. काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, अडीच फुटांचे जोते, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर सागवानी तुळयांवर पांढऱ्या मातीचे धाबे. वैशाखात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आमच्या माजघरात चटई टाकून पडावे. विजेचा पंखा विसरायला होतो. पण न्हाणीघर आणि संडास परसाच्या पार टोकाला. माजघरापासून मोजून चव्वेचाळीस पावले, आणि मध्ये उतरायला चार पायऱ्या.

याच पायऱ्यांवरून माझ्या चुलत सासूबाई, आमच्या काकू, दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात घसरल्या. वय एकोणऐंशी. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, आणि घरातल्या कर्त्या पुरुषांची बैठक बसली. काकूंना पुण्याला आणावे आणि घर विकून टाकावे, यावर पाऊण तासात एकमत झाले. काकू आत ऐकत होत्या. चहा घेऊन गेले तेव्हा मला एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, न्हाणी माझ्याजवळ आणून दे. मला उचलून न्हाणीजवळ नेऊ नका."

मग घर वाढवायचे ठरले. एका ठेकेदाराने आल्या आल्या सांगितले, "हे सगळे पाडा, सहा महिन्यांत स्लॅबचे घर देतो." त्याला पोहे देऊन निरोप दिला. धाकट्या भाऊजींचा आग्रह वर मजला चढवण्याचा होता. आता मेहकरच्या माणसाने तरी हे बोलू नये! आमच्या गावात कंचनीचा महाल आहे. लोणारच्या देवीचा दिवा घरबसल्या दिसावा म्हणून कंचनीने महाल उंच उंच चढवला आणि देवीच्या शापाने तिचा दगड झाला, असे लोक सांगतात. ही गोष्ट काकूंनीच भाऊजींना ऐकवली. शिवाय वॉकर घेऊन जिना कोण चढणार, हा प्रश्न होताच. मजला रद्द झाला.

मग भाऊजींनी दुसरा नकाशा काढला: माजघराच्या पूर्वेच्या भिंतीला चिकटून एक खोली आणि न्हाणीघर, आणि जायला भिंत फोडून नवे दार. तो घेऊन आम्ही नात्यातल्या एका इंजिनिअर मुलीला बोलावले. तिने नकाशा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गवंड्याकडून ओळंबा मागितला. पूर्वेच्या भिंतीवर दोरी सोडली, तर मधल्या भागात भिंत दीड इंच पोट काढून उभी!

तिने सांगितले ते मी समजले तसे लिहिते. जुनी दगडी भिंत दिसते एक, पण असतात दोन. बाहेरून घडीव दगडांची एक, आतून ओबडधोबड दगडांची दुसरी, आणि मध्ये चिपा व माती. दोन्ही पदरांना धरून ठेवायला जागोजागी आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. तो कमी पडला की पदर सुटू लागतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः अशाच फुटलेल्या भिंतींखाली आणि वरच्या जड धाब्यांखाली. धाबे गळले की त्यावर मातीचा आणखी एक थर, अशी आपली रीत. आमच्या धाब्यावर पहार खुपसली तर दोन फूट माती निघाली. म्हणजे तीन पिढ्यांचे पावसाळे आम्ही डोक्यावर घेऊन झोपत होतो.

तेव्हा पहिला खर्च नव्या खोल्यांवर झालाच नाही. धाब्यावरची बरीचशी माती उतरवली आणि वरून पाणी अडवणारा हलका थर दिला. भिंतीत ठरावीक अंतरावर एक-एक दगड हळूच काढून आरपार भोके केली, त्यांत आकडे वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले. किल्लारीनंतर दगडी घरे सावरण्यासाठी हीच पद्धत सांगितली गेली. भाऊजी कुरकुरले, "पैसे गेले, आणि दिसत तर काहीच नाही!" पण काकूंची खाट याच भिंतीशी आहे, हे त्यांना दिसत होते.

पुढचा प्रश्न जमिनीचा. काळी माती शेतकऱ्याची लक्ष्मी आणि गवंड्याची वैरीण. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला तर घर दर वर्षी श्वास घेते. मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेले खांब जमिनीत ओततात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे रुजवले. आमच्या परसात खड्डा घेतला, तर सहा फुटांवर मुरूम लागला. तेवढे लचांड टळले. पण जुने घर बसायचे तेवढे केव्हाच बसून गेले आहे, नवे आता बसणार. दोघांना दात्यांनी एकमेकांत गुंतवले, तर नवे खचताना जुन्याला ओढील आणि सांध्यात चीर पडेल. त्यांना वेगळेच उभे राहू द्यावे, असे तिचे म्हणणे.

आणि इथेच काकूंची खिडकी आडवी आली. माजघराला पूर्वेकडे ती एकच. सकाळी तिच्याशी बसून काकू तांदूळ निवडतात, पोथी वाचतात. नवी खोली भिंतीला चिकटवली असती, तर माजघर दिवसाही अंधारले असते. मुलगी बराच वेळ त्या खिडकीत बसून राहिली. मग तिने जो नकाशा काढला, तो पाहून मला वाटले, हे तर आपल्या जुन्या वाड्यांना ठाऊकच होते! जुने आणि नवे यांच्यामध्ये दहा फूट रुंद चौक सोडायचा. एका कडेने चार फुटांची छपराची वाट, माजघराच्याच पातळीवर. पायरी नाही, उंबरठा नाही. भिंतही नवी फोडायची नाही. खिडकीवर दगडी पाट आहेच, ती जुनीच गणेशपट्टी भार पेलते आहे. खालचा भाग तेवढा काढला की खिडकीचे दार झाले. खिडकीची रुंदी अडीच फूट, वॉकर दोन फुटांचा. आणि दाराला वरून अर्ध्यापर्यंत गज ठेवले की उजेडही पहिल्यासारखाच.

नव्या भिंती विटांच्या. जोत्याशी आणि दारांच्या वर काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवलेला. थोरल्या भाऊजींची इच्छा होती की बाहेरून दगडासारख्या दिसणाऱ्या फरश्या लावाव्यात. त्यावर आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "जुन्याले जुनं दिसू द्या बापू, नव्याले नवं." १९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरच्या जाणत्यांनी प्राचीन वास्तूंसाठी एक सनद केली, तिच्यातही भर घातलेले काम वेगळे ओळखू यावे, असेच सांगितले आहे. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त तंबाखू मळली.

मिस्त्रींनी आणखी एक काम करवले. मागे कुणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले होते. आमचा काळा पाषाण पाणी पीत नाही. ओल बाहेर पडते ती सांध्यांतून. ते बुजले की ती आत माजघराच्या गिलाव्यावर फुटते. सगळे सिमेंट छिन्नीने काढून त्यांनी चुन्याने दरजा भरल्या. चुना आठ दिवस भिजत ठेवायचा म्हटल्यावर नव्या पोरांना हसू येत होते.

नगरपालिकेच्या परवानगीसाठी सगळ्या वारसांच्या सह्या लागल्या. सही करताना प्रत्येकाच्या मनात एकच शंका: उद्या या खोल्या कुणाच्या? शेवटी कागदच केला. काकू आहेत तोवर राहणे त्यांचे, पुढे सर्वांचे. खर्च तिघांनी सारखा. नकाशाला जेवढे दिवस लागले, त्याच्या दुप्पट या कागदाला लागले.

गेल्या दसऱ्याला काम पुरे झाले. माजघरातून न्हाणीघरापर्यंत आता पंधरा पावले. भिंतीला दांडी लावली आहे, रात्री दिवा असतो. काकूंसाठी बांधलेल्या खोलीत मात्र काकू एक दिवसही निजलेल्या नाहीत. "ती पाहुण्यांना राहू दे, मला दगडाशिवाय झोप येत नाही," म्हणतात. सकाळी जिथे खिडकी होती त्या दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडतात, आणि चौकात चिमण्यांना खडे कुठले नि कण्या कुठल्या हे सांगत असतात.