नंबर लागला का?

२४ जुलै २०२६ ला मनमोहन सिंग यांच्या १९९१ च्या अर्थसंकल्पाला पस्तीस वर्षं पूर्ण होतात. दरवर्षी या आठवड्यात ठरलेली चित्रं पुन्हा छापून येतात. निळी पगडी, इंग्लंडला गहाण पडलेलं सोनं, तीन दिवसांत दोनदा खाली आणलेला रुपया. ते सगळं वाचकांना पाठ आहे, म्हणून त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते एका शब्दाविषयी. १९९१ साली जी मुलं बारा-तेरा वर्षांची होती, त्यांच्या कानावर तो उठताबसता पडायचा: नंबर.

गॅसला नंबर लावलाय. स्कूटरला नंबर लावलाय. फोनचा नंबर अजून लागायचाय. साताऱ्यात आमच्या वाड्यात कुणी पाहुणा आला की मुलीचं जमलं का आणि फोनचा नंबर लागला का, हे दोन प्रश्न एकाच सुरात विचारले जायचे. दोन्हींचं उत्तरही बहुधा एकच असायचं: ‘बघू, प्रयत्न चाललेत.’

परवा भाच्याला हे सांगत होतो. तो एकवीस वर्षांचा आहे. त्याने मला मध्येच थांबवून विचारलं, ‘पण मामा, पैसे होते ना तुमच्याकडे? मग?’

त्याच्या या ‘मग?’चं उत्तर द्यायला मी बराच वेळ घेतला. पैसे आहेत, वस्तू कारखान्यात तयार होते आहे, आणि तरीही ती आपल्याला मिळत नाही, हे त्याला पटेनाच. या प्रश्नाचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर एका हंगेरियन माणसाने देऊन ठेवलंय. यानोश कोर्नाय त्याचं नाव. आपल्याकडे अर्थशास्त्राचे विद्यार्थी सोडले तर त्याला फारसं कुणी ओळखत नाही, याची मला खंत वाटते. १९२८ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेला हा माणूस आधी कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात पत्रकार होता. तिथून त्याला काढून टाकलं आणि तो अर्थशास्त्राकडे वळला. १९८० साली त्याचा टंचाईवरचा मोठा ग्रंथ आला. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाकडे इतक्या बारकाईने पाहणारा अर्थशास्त्रज्ञ मी दुसरा वाचलेला नाही.

कोर्नाय काय सांगतो? एक गिऱ्हाईक मनात काही ठरवून दुकानात जातं. ती वस्तू नाही. मग त्याच्यापुढे तीन वाटा उरतात. वाट बघायची, दुसरीकडे शोधायचं, नाहीतर हवं ते सोडून आहे ते घ्यायचं. या तिसऱ्या वाटेला तो नाइलाजाची अदलाबदल म्हणतो. आपल्या लहानपणातल्या कितीतरी वस्तू या नाइलाजातून घरात आल्या होत्या. पण त्याची खरी नजर पुढे आहे. टंचाई मुरली की माणसांचं वागणं बदलतं, असं तो म्हणतो. विकणारा साहेब होतो आणि विकत घेणारा अर्जदार होतो. माल भरपूर झाला की पारडं फिरतं आणि विकणारा दार वाजवत येतो. आमच्या वडिलांच्या पिढीचं काउंटरसमोरचं वाकणं, ‘साहेब, जरा बघा ना’ हा त्यांचा स्वर, मला त्याच्या पानांत सापडला. वडिलांचा तो स्वभाव नव्हता. घरात ते कुणासमोर वाकत नसत.

कोर्नायच्या हंगेरीत टंचाईचं मूळ वेगळं होतं. तिथले सरकारी कारखाने कितीही तोट्यात गेले तरी बुडत नसत, म्हणून त्यांची कच्च्या मालाची भूक कधी भागतच नसे. आपल्याकडे मूळ होतं परवान्यात. १९५१ च्या कायद्याने कारखाना काढायला परवाना लागायचा आणि किती माल काढायचा तेही त्यातच लिहिलेलं असायचं. मागणी आहे म्हणून त्याहून जास्त काढला तर नियमभंग. देश गरीब आहे, भांडवल थोडं आहे, ते जपून वापरावं, असा त्यामागचा हेतू होता आणि तो वाईट नव्हता, असं मी आजही मानतो. त्याचा परिणाम मात्र आमच्या दारात उभा होता.

दारात म्हणजे शब्दशः. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ साली ही कंपनी काढली. तिथे ‘प्रिया’ स्कूटर बनायची. आमच्या गल्लीतले दोघे तिथे कामाला होते. सकाळच्या पाळीला सायकलवरून जायचे, दिवसभर स्कूटरी जोडायचे आणि संध्याकाळी सायकलवरूनच परत यायचे. त्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबणारी माणसं देशभर होती. ज्याला दम नव्हता तो ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन दुसऱ्याचा लागलेला नंबर विकत घ्यायचा. मुलीच्या लग्नात जावयाला द्यावी लागेल म्हणून, मुलगी शाळेत असतानाच स्कूटर बुक करून ठेवणारे बाप होते. नंबरातून हुंड्याचाही हिशेब चालायचा, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाता येत नाहीत.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण या आठवड्यात सगळेच १९९१ चं एकच साल घोकतात. स्कूटरची रांग त्याआधीच हलू लागली होती. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची मोटारसायकल आली, तेव्हापासूनच वाट बघण्याची वर्षं कमी होत गेली. २४ जुलै १९९१ रोजी आलेल्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग सोडून बाकी सगळीकडचा परवाना काढला, हे खरं. पण दार आधीच किलकिलं झालं होतं.

साताऱ्याच्या त्या कारखान्याचं पुढे काय झालं? गिअरच्या स्कूटरीची मागणी ओसरली, मोटारसायकलींनी रस्ता भरला आणि ‘प्रिया’ बनायची थांबली. कंपनी मात्र आहे. आज तिचं मोल तिच्याजवळच्या बजाज समूहाच्या शेअर्समध्ये आहे. शेअर बाजारातल्या माणसाला तिचं नाव पक्कं ठाऊक असतं, पण तिथे स्कूटर जोडणाऱ्या हातांची आठवण आता फक्त आमच्या गल्लीत उरली आहे. या पस्तीस वर्षांचा हिशेब मला कुणी एका उदाहरणात मागितला तर मी हेच देईन.

तरी माझ्या वयाच्या मुलामुलींसाठी उदारीकरण स्कूटरवरून आलं नाही. ते आलं पिवळ्या पाटीच्या, काचेच्या खोक्यातून. एसटीडी बूथमधून.

त्याआधीचा फोन कसा होता ते आधी सांगतो. १९९४ च्या दूरसंचार धोरणात सरकारनेच आकडे दिलेत. देशभरात साधारण ८० लाख फोन, प्रतीक्षा यादीत २५ लाख माणसं, शंभर लोकांमागे ०.८ फोन. पावणेसहा लाख गावांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार गावांत फोन पोचलेला. यादीतही प्रतवारी होती. जास्त अनामत भरणाऱ्यांची यादी वेगळी, विशेष गटाची वेगळी, बाकी सगळे सर्वसाधारण. शिवाय खासदारांच्या शिफारशीचा कोटा. रांगेत सगळे सारखे असतात, असं अजूनही म्हणणारी माणसं भेटतात. त्यांना मी ही वर्गवारी दाखवतो.

ज्यांच्याकडे फोन नव्हता ते आपल्या लेटरहेडवर आणि लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापायचे आणि पुढे कंसात दोन अक्षरं लिहायचे: पी.पी. आमचा पी.पी. नंबर समोरच्या काकूंचा होता. ताई पुण्याला इंजिनिअरिंगला होती. वसंतदादांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना वाट दिली नसती तर ती गेलीच नसती. रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. काकू खिडकीतून हाक मारायच्या, आई हात पुसत धावायची आणि काकूंच्या बैठकीच्या खोलीत, टीव्ही बघत बसलेल्या पाच माणसांदेखत, लेकीशी बोलायची. ‘बरी आहेस ना? जेवतेस ना? ठेवते.’ पहिल्या वर्षी ताईला तिथे काय सोसावं लागलं, ते आम्हाला तीन वर्षांनी कळलं. पाच माणसांसमोर ते विचारता येत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं.

बूथ आमच्या चौकात आला तेव्हा ते बदललं. सॅम पित्रोदांच्या आग्रहाने १९८४ साली ‘सी-डॉट’ ही संस्था निघाली, आपल्या धुळीत आणि उकाड्यात वातानुकूलनाशिवाय चालतील अशी छोटी एक्स्चेंजं तिने देशातच बनवली, आणि मग गावोगाव माणसाकडून चालवला जाणारा फोन उभा राहिला. घरोघरी फोन देणं जमत नसेल तर चौकात एक द्या, ही कल्पना साधी आणि माझ्या मते थोर होती. कितीतरी बूथ दिव्यांग व्यक्तींना मिळाले आणि त्यांचे संसार त्यावर चालले. हे सगळं परवाने उठण्याच्या आधीचं आहे आणि सरकारी आहे, म्हणून उदारीकरणाच्या वर्धापनदिनी त्याची आठवण निघत नाही. ती निघायला हवी.

रात्री अकरानंतर दर पावपट व्हायचे. मग बूथबाहेर रांग लागायची, शाल पांघरलेल्या बायका, कॉलेजची मुलं, मुंबईला माणूस असलेली घरं. आई आत जायची, दार ओढून घ्यायची. काचेआड ती बोलताना दिसायची, ऐकू यायची नाही. डोक्यावरच्या यंत्रात लाल आकडे सरकत राहायचे. आईला मी पहिल्यांदा फोनवर रडताना पाहिलं ते त्या काचेतून, आणि आकडा चाळीसच्या पुढे गेला तरी तिने वर पाहिलं नाही. आमच्या घरात तेव्हा चाळीस रुपये ही लहान रक्कम नव्हती. पण कुणाची मेहेरबानी नव्हती, कुणाची चिठ्ठी नव्हती. पैसे मोजले आणि लेकीशी मनातलं बोलली.

उदारीकरणाने आम्हाला काय दिलं असं कुणी विचारलं की लोक मॉल सांगतात, परदेशी गाड्या सांगतात. मी ते बंद होणारं काचेचं दार सांगतो. पुढचं सगळं भराभर झालं. ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले. २००६ मध्ये रुपयात देशभर बोलता येऊ लागलं, आणि बूथ एकेक करून झेरॉक्सची, मग रिचार्जची दुकानं झाले.

कोर्नाय मला इथवर पुरतो. पुढचं मला त्याच्या त्या ग्रंथात सापडलं नाही. जे विकत मिळतं त्याची रांग कशी मोडते, तेवढंच मी त्यातून घेतलं. जे विकत मिळू नये, त्याची रांग आपण पस्तीस वर्षांत मोडली नाही. पैसेवाला त्या रांगेतून बाहेर पडला, एवढंच झालं. खासगी शाळा, खासगी दवाखाना, सोसायटीचा स्वतःचा टँकर. सरकारी दवाखान्यात पहाटे केसपेपरसाठी उभी असलेली माणसं आजही ‘नंबर’ हाच शब्द वापरतात. रांगेत वजनदार माणूस उरला नाही की ती रांग कुणाला हलवावीशी वाटत नाही. फोनच्या यादीत निदान डॉक्टर आणि वकीलही अडकले होते, म्हणून तिचा बोभाटा तरी झाला.

आईचं माहेर माण तालुक्यात. यंदा मे महिन्यात मामीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. तिच्या मागे ओळीने हंडे मांडलेले, आपला ओळखू यावा म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा पट्टा. आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ, पैसे जवळपास काहीच नाहीत. मामी धाकट्याच्या नोकरीचं सांगत होती, मध्येच थांबली, मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, ‘थांब रे, नंबर आला,’ आणि तिने फोन ठेवला.