लंडनमधला ‘सुवर्णदुर्ग’ आणि आपला मे महिना

पेपर संपले, व्हायवा झाले, सबमिशनचं टेन्शन गेलं. आता आंबे, समुद्र आणि मुंबईहून आलेली चुलत-मावस गँग! असा तुमचा सुट्टीचा प्लॅन असेल तर त्यात एक गोष्ट अॅड करा. पण आधी एक प्रश्न. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किल्ल्याचं नाव लंडनमधल्या एका इमारतीला दिलंय, हे माहितीये?

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या झाडीत ६३ फूट उंच, त्रिकोणी टॉवर उभा आहे. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. जरा भरभर म्हणून बघा. सेव्हर्नड्रूग... सुवर्णदुर्ग! हो, आपल्या दापोली तालुक्यातला, हर्णैसमोर पाण्यात उभा असलेला तोच.

एका लढाईच्या दोन गोष्टी

एप्रिल १७५५. सुवर्णदुर्ग तेव्हा कान्होजी आंग्रे यांचे पुत्र तुळाजी यांच्या ताब्यात होता. ईस्ट इंडिया कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे जहाज घेऊन आला. तोफा धडाडल्या, आग दारूच्या कोठारापर्यंत पोचली, मोठा स्फोट झाला आणि किल्ला पडला. जेम्स १७८३ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या पत्नीने त्याच्या आठवणीसाठी हा टॉवर बांधला. त्यावरच्या लेखात सगळं श्रेय जेम्सच्या शौर्याला दिलंय आणि आपल्या कोकणाला चक्क ‘मलबारचा किनारा’ म्हटलंय!

त्या लेखात एक गोष्ट नाही. ही मोहीम एकट्या कंपनीची नव्हती. नानासाहेब पेशवे आणि तुळाजी यांचं बिनसलं होतं. पेशव्यांनी कंपनीशी हातमिळवणी केली आणि किल्ला पुढे पेशव्यांकडे आला. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं. म्हणजे ‘आपण विरुद्ध ते’ इतकी ही गोष्ट सोपी नाही. सुवर्णदुर्गासमोर फोटो काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

त्यांचा टॉवर, आपला किल्ला

तो टॉवर १९८६ मध्ये बंद पडला होता. आजूबाजूच्या लोकांनी तो सोडून दिला नाही. ट्रस्ट केला, पैसे उभे केले, दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये तो पुन्हा उघडला. आजही तो स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. लोक येतात, जिना चढून गच्चीवर जातात, खाली चहा पितात आणि जाताना जिंकणाऱ्याची गोष्ट ऐकून जातात.

इकडे ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात सुवर्णदुर्ग आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला तो एकटाच! आता पर्यटक वाढणार. प्रश्न एवढाच, की त्यांना गोष्ट कोण सांगणार? बोटवाले काका सांगतील तेवढी, की आपण नीट अभ्यास करून सांगायची?

रत्नागिरी शहरातही युद्धाची एक मोठी आठवण आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला. तिथला शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये कैदी म्हणून इथे आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा आपण रोज बसमधून बघतो. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला आले होते. परदेशातला माणूस एवढ्या लांबून येतो, आणि आपण? ‘शाळेच्या सहलीत बघितलाय’ म्हणून मोकळे!

एक महिना द्याल?

कॅलेंडर बघा. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. मधला बरोबर एक महिना म्हणजे आपल्या सुट्टीचा काळ. गावात माणसंही असतात, पाऊसही नसतो. जगभरातली युद्ध-संग्रहालयं सुट्टीत वॉक, गप्पा, मुलांच्या कार्यशाळा ठेवतात. आपल्याला फार खर्च न करता काय जमेल?

• थिबा राजवाड्यात वीस मिनिटांची गाइडेड टूर. एक टूर मालवणीत झाली तर धमालच! आधी संग्रहालयाची परवानगी घ्या.
• हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलावाच्या गर्दीनंतर गोष्ट-कट्टा. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग. वेगळा सेट कशाला हवा?
• लहान मुलांसाठी ‘शोधा पाहू’ खेळ. सुवर्णदुर्गाच्या दारातलं दगडी कासव आणि मारुती आधी कोण शोधतो?
• आरमार, जहाजबांधणी, खलाशी यांच्याबद्दल घरच्या आजी-आजोबांना जे आठवतं ते मोबाइलवर रेकॉर्ड करणं.

लक्षात ठेवा, सुवर्णदुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. तिथे कार्यक्रम करायचा तर रीतसर परवानगी हवी. होडीत बसताना लाइफ जॅकेट हवंच, आणि कचरा आपला आपणच परत आणायचा.

इतिहासाचेच विद्यार्थी हवेत असं नाही. कॉमर्सवाला हिशेब बघेल, सायन्सवाली तोफेचा पल्ला समजावेल, आर्ट्सवाला पोस्टर करेल. पाऊस लागला की होड्या बंद होतील आणि किल्ला चार महिने एकटा पडेल. त्याआधी आपल्याकडची बाजू सांगून टाकू या. लंडनच्या दगडावर ती कोरलेली नाही.